दगड ओला करून बघावा

१

दगडी अंगण करायचं असेल तर दगड कधी कोरडा बघून पसंत करू नये. आमच्या भागात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कोरडा असताना निळा दगड सगळा सारखाच दिसतो, धुळकट आणि करडा. त्यावर बादलीभर पाणी ओतलं की खरा रंग वर येतो. कुठे गर्द निळा, कुठे हिरवट, कुठे तांबूस. म्हणून पेनसिल्व्हेनियाच्या आमच्या या कोपऱ्यात दगडाच्या प्रत्येक वखारीत दारातच एक नळ असतो आणि त्याखाली पोचे आलेली बादली. गिऱ्हाईक बोट दाखवतं, वखारवाला पाणी ओततो आणि दोघंही मान तिरकी करून बघत उभे राहतात.

आम्हाला अंगण हवं होतं ते काही हौस म्हणून नव्हे. लॉईड, म्हणजे माझा नवरा, मागच्या दारच्या लाकडी ओट्याची कुजलेली फळी मोडून मांडीपर्यंत आत गेला. हाड मोडलं नाही, नशीब. मला मात्र दरदरून घाम फुटला.

लॉईडने चाळीस वर्षं लोकांचे केस कापले. त्याचं दुकान ओढ्यापलीकडे गावात होतं आणि आमच्या परसातूनच ओढ्यावर एक छोटा पूल होता. दुपारी जेवला की खिशात कंगवा टाकून तो पुलावरून दुकानात जायचा. पूल पुरात वाहून गेला त्याला पुष्कळ वर्षं झाली, मग दुकानही विकलं. पण लॉईडच्या डोक्यातून नेमकं तेवढंच पुसलं गेलंय. उरलं आहे त्यात पूल आहे, दुकान आहे आणि खोळंबलेली गिऱ्हाइकं आहेत. जेवण झालं की तो कंगवा घेतो आणि सरळ ओढ्याकडे चालू लागतो. उन्हाळ्यात ओढ्याला घोटाभर पाणी असतं. पाऊस झाला की तोच ओढा गाय वाहून नेईल एवढा फुगतो.

आमची मुलगी कॉलीन स्क्रँटनला राहायची. तिने बाबांसाठी तिथे एक जागा बघून ठेवली होती, विसर पडलेल्या म्हाताऱ्यांना सांभाळणारी. दारांना कुलपं, बागेला भिंत.

"आई, तू पण दमतेस," ती म्हणाली.

"बत्तीस वर्षं शाळेची बस चालवली मी. गाडीभर कार्टी एका आरशात सांभाळली. एक म्हातारा सांभाळता येणार नाही का मला?"

"बरं. पण बाबा एकदा जरी ओढ्यात गेले ना, तर मी तुझं काही ऐकणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन जाईन. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. म्हणायला काय जातं.

घरी तपासायला येणारी नर्स शहाणी होती. ती म्हणाली, अशा माणसाला कोंडू नका, फिरू द्या. पायाखाली सपाट, मोकळी जागा द्या; तो तिथल्या तिथे गोल फिरेल आणि आपला आपण आत येईल. मग ठरलंच. लॉईडची पिकअप विकली, तिचे साडेसात हजार डॉलर आले, आणि आम्ही दोघं दगड बघायला निघालो.

२

वखार ऑगी पेत्रास्कोची. ऑगी माझ्या बसमधला. लहानपणी मागच्या बाकावरून त्याने जिवंत बेडूक सोडले होते. आता पोट सुटलंय, डोक्याचा तुळतुळीत गोटा झालाय, तरी मला बघितलं की अजून पाठ ताठ करतो.

"या, मिसेस कीहो! लॉईड, बघा, तुम्हाला कापायला काही शिल्लकच नाही ठेवलंय मी."

लॉईडने त्याच्या टकलाभोवती एक फेरी मारली आणि गंभीरपणे म्हणाला, "बाजूने जरा बारीक करू." असा तो अधूनमधून पूर्वीचा लॉईड होऊन जातो आणि मला भरून येतं.

ऑगीने आधी महागातला दगड दाखवला. मशीनवर कापलेला, वरून आगीने भाजून खरखरीत केलेला. पाय घसरत नाही, काठीला ठेच लागत नाही. खडी, मजुरी, सगळं धरून अकरा हजार.

"अकरा? त्यात तू भांडी घासायला पण येणार आहेस का?"

"अहो, दगड स्वस्तच असतो. पैसे खातं ते दगडाखालचं. हातभर माती उकरायची, खडी भरायची, ठोकून ठोकून बसवायची. ते नाही केलं तर पहिल्याच हिवाळ्यात जमीन गोठून फुगते आणि लाद्या उड्या मारायला लागतात."

"मग खडीत हात आखडू नकोस. दगड हलका दाखव."

तो आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेला. तिथे जुन्या लाद्या उभ्या लावून ठेवल्या होत्या. कुठल्याशा गावातल्या रस्त्याकडेच्या पायवाटेच्या, माणसांच्या पायांनी गुळगुळीत झालेल्या. मी गावाचं नाव विचारलं. त्याने खांदे उडवले. ट्रकवाल्याने आणून टाकल्या, त्याने घेतल्या. सगळं मिळून सात हजारांत बसवून देतो म्हणाला.

मी बोटं दाखवत गेले, तो पाणी ओतत गेला. लाद्या एकेक करून अशा काही निळ्या होत गेल्या की मला तिथेच त्या आवडून गेल्या. एक मोठी लादी जमिनीवर आडवी पडली होती. ऑगीने तिच्यावर बादली उपडी केली. पाणी पसरलं आणि दोन जागा कोरड्याच राहिल्या. शेजारी शेजारी, मागे निमुळत्या, पुढे रुंद. उभ्या माणसाच्या पावलांएवढ्या.

"तेल सांडलं असेल," ऑगी म्हणाला आणि दुसरी बादली ओतली. पाणी त्या दोन जागांना वळसा घालून गेलं.

लॉईडने खिशातून कंगवा काढला. लादीच्या वर, साधारण स्वतःच्या तोंडाच्या उंचीवर बघत तो म्हणाला, "बसा ना. पाच मिनिटांत घेतो तुम्हाला."

"कोण आलंय, लॉईड?" ऑगीने विचारलं.

"गर्दी आहे आज," लॉईड म्हणाला.

आम्ही दोघं हसलो. ऑगी जरा जास्तच हसला. मग घाईघाईने म्हणाला, "ही लादी फुकट घ्या, मिसेस कीहो. ओढ्याकडच्या कडेला टाकू, कुणाला दिसणार नाही." फुकट म्हटल्यावर मी काय नको म्हणणार?

३

लाद्या बसवल्या की सांधे लगेच भरत नाहीत. आमच्याकडे ते अंगण आठवडाभर तसंच ठेवतात आणि घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्यावरून चालायचं असतं. जी लादी डुगडुगेल तिच्यावर खडूने फुली मारायची. मग ऑगी येऊन फुल्यांच्या लाद्या उचलतो, खाली वाळू सारखी करतो आणि शेवटी सांधे भरतो.

लॉईड त्या आठवडाभर चालला. सकाळी चालला, दुपारी चालला. कडेपर्यंत जायचा, थबकायचा, वळायचा, परत यायचा. नर्स म्हणाली होती अगदी तसंच. मी दारात स्टुलावर मक्याची कणसं सोलत बसायची आणि त्याच्याकडे बघायची. दोन वर्षांत पहिल्यांदा माझे खांदे खाली आले होते. एका दुपारी मला रडूच कोसळलं. दुःखाने नव्हे. पैसे कधी इतके सत्कारणी लागले नव्हते.

शेवटच्या दिवशी ऑगीने नळी लावून सगळं अंगण धुतलं. ओढ्याकडची ती फुकटची लादी बाकीच्यांसारखीच निळी झाली. डागबिग काही नाही.

"बघा, तेलच होतं. उन्हाने उडालं."

"नशीब तुझं. नाहीतर बाकीचेही पैसे कापून घेतले असते मी."

कॉलीन रविवारी आली, अंगणात खुर्ची टाकून बसली, बाबांना गोल गोल फिरताना बघत राहिली. निघताना म्हणाली, "आई, तुझंच खरं." माझ्या मुलीच्या तोंडून हे वाक्य आयुष्यात फार वेळा निघालेलं नाही. मी ते मुद्दाम लक्षात ठेवलं आहे.

४

पहिला मोठा पाऊस सप्टेंबरात झाला, भर दुपारी. लॉईड आत झोपला होता. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी भांडी विसळत होते. बाहेर सगळं अंगण भिजून गर्द निळं झालं होतं आणि ओढ्याकडच्या कडेला दोन करडे डाग होते. फुकटच्या लादीवर नव्हे. तिच्या शेजारच्या लादीवर.

मी काही वेडी बाई नाही. म्हटलं, वर झाडाची फांदी असेल. वर आभाळ होतं. म्हटलं, दगडच तो, कुठे पाणी पितो, कुठे पीत नाही. छत्री घेऊन बाहेर गेले आणि वाकून बघितलं. आजूबाजूला थेंब फुटत होते आणि त्या दोन जागांवर एकही पडत नव्हता. टाच कुठली, चवडा कुठला, सगळं नीट कळत होतं. चवडे घराकडे होते. म्हणजे जे कोण तिथे उभं होतं ते ओढ्याकडे पाठ करून आमच्या दाराकडे बघत होतं.

आणि आवाज वेगळा होता. दगडावर पाऊस तडतडतो. तिथे, माझ्या डोक्याच्या जरा वर, तो दबका वाजत होता. जाड कापडावर पडावा तसा. मी हात पुढे करणार होते. केला नाही. घरात आले, दार लावलं आणि ऑगीला फोन केला.

"ऑगी, दगडावरचं तेल एका लादीवरून उठून दुसरीवर जाऊन बसतं का रे?"

"मिसेस कीहो, हे तुम्ही मघाशीच विचारलंत."

"मग मघाशी उत्तर का नाही दिलंस?"

माणसं हल्ली ऐकून घेत नाहीत. कॉलीनचंही तेच, काही सांगायला गेलं की म्हणते, हे सांगितलंस आई. घरात लॉईडने उच्छाद मांडला होता तो वेगळाच. माझा चष्मा फ्रीजमध्ये, किल्ल्या साखरेच्या डब्यात, आणि गॅसवर नुसतंच तापत ठेवलेलं भांडं. मी त्याला रागावले नाही. बिचाऱ्याला काय कळतंय.

पुढच्या पावसात पावलं एक लादी अलीकडे होती. त्याच्या पुढच्या पावसात अंगणाच्या मध्यावर. बसमध्ये चालत्या गाडीत कुणी उभं राहिलेलं मला चालायचं नाही. आरशात कुणी उभं दिसलं की मी गाडी बाजूला घ्यायची आणि तो बसेपर्यंत हलायची नाही. इथे बाजूला घ्यायला काही नव्हतं. मी खिडकीत उभी राहायची आणि ते तिथे उभं असायचं, दाराकडे तोंड करून. लॉईड नेमका त्या वेळी कंगवा पुसत बसलेला असायचा.

ते लॉईडला न्यायला येतंय, हे माझ्या मनाने घेतलं. काढू म्हटलं तरी डोक्यातून जाईना.

५

ऑगीला बोलावून मी अंगणात कुंड्या मांडून घेतल्या. साध्या नव्हेत, लाकडी पिंपं अर्धी कापून केलेल्या, मातीने भरलेल्या, दोघांना मिळून हलणार नाहीत अशा. बरोबर मध्यावर, एकाला एक खेटून. जिथे उभं राहायचं तिथे जागाच ठेवली नाही. फक्त भिंतीकडून लॉईडला जायला वाट ठेवली.

"इथे कशाला, मिसेस कीहो? मधोमध?" ऑगी घाम पुसत म्हणाला.

"मला शेवंती आवडते."

त्यानंतर दोन पाऊस झाले. अंगण सगळीकडे सारखं भिजलं. मी निवांत झोपले.

तिसरा पाऊस ऑक्टोबरातला, रात्रभर पडून दुपारी उघडलेला. मी किल्ल्या शोधत होते. कशाला शोधत होते ते आता आठवत नाही. मागच्या दाराला मी घंटा टांगली होती, ती काढून कुणीतरी टेबलावर ठेवली होती. लॉईडच, दुसरं कोण? दार सताड उघडं होतं.

मी कशी धावले ते मला ठाऊक नाही. लॉईड भिंतीकडच्या वाटेने गेला होता, उतार उतरला होता आणि गुडघ्यांच्या वर पाण्यात उभा होता. जुन्या पुलाच्या खांबाचा एक लोखंडी तुकडा काठावर राहिला आहे, त्याला एका हाताने धरून तो पाय पुढे टाकायला बघत होता. पाणी गढूळ होतं आणि त्याच्या मांडीशी फेस काढत होतं.

"लॉईड! मागे हो!"

"बर्नी, पूल जरा खाली गेलाय," तो म्हणाला. "चालेल. लोक थांबलेत."

मी पाण्यात उतरून त्याचा पट्टा धरला. किती वेळ ओढत होते कोण जाणे. वर आलो तेव्हा दोघांचे दात वाजत होते. त्याला गरम पाण्यात बसवलं, सूप पाजलं, आणि तो झोपल्यावर मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. कॉलीनला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती सकाळी दारात उभी राहिली असती आणि लॉईडच्या बाजूचा बिछाना रिकामा झाला असता.

तिथे बसल्या बसल्या मला एक गोष्ट उमजली. कुंड्या मांडण्याआधी लॉईड कडेपर्यंत जाऊन वळायचा. तो आपला आपण वळतोय असं मी धरून चालले होते. पण त्याच्या डोक्यात तर पूल होता. मग तो कशाला वळेल? ज्याची घाई दिवसेंदिवस वाढत होती त्याला अडवायला जे कोण उभं होतं ते दिवसेंदिवस जवळ सरकत होतं, एवढंच. आणि मी त्याच्या उभं राहायच्या जागी शेवंती लावली होती.

६

कुंड्या मी एकटीने हलवल्या. फावड्याने माती उपसली, रिकामी पिंपं लोळवत कुंपणाशी नेली. कंबर धरली ती महिनाभर. मग झाडूने लाद्या स्वच्छ झाडल्या आणि उभी राहून म्हटलं, "चुकलं माझं. या." आपण कुणाला या म्हणतोय हे मनात आलं तेव्हा अंगावर काटा आला, पण शब्द मागे घेतले नाहीत.

त्यानंतरच्या पावसात मी खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी घेतली. जाग आली ती लॉईडच्या आवाजाने. तो बाहेर होता, पावसात, घरातल्या सपाता घालून, दारापासून जेमतेम दोन लाद्यांवर. माझ्याकडे त्याची पाठ अर्धवट वळलेली. डावा हात हनुवटीच्या उंचीवर हवेत धरलेला, उजव्या हातात कंगवा.

"मान जरा खाली," तो म्हणत होता. "हां. अशीच ठेवा."

मी दाराच्या जाळीशी गेले. त्याच्या समोर पाऊस सरळ पडत नव्हता. लॉईडच्या डोक्याच्या वर एका ठिकाणी तो थांबत होता आणि तिथून दोन्ही बाजूंनी ओघळत होता. मी आरपार बघायला गेले आणि तेवढ्यात, फक्त क्षणभर, पाण्याने एक कान दाखवला. माणसाचा कान. मोठा, पाळी लोंबलेली, आणि पाळीच्या टोकाला एक थेंब. लॉईडने बोटाने तो कान अलगद दुमडला, जसा तो हजारो वेळा दुमडत आला आहे, आणि कानामागे कंगवा फिरवला. मग त्याने सवयीने हनुवटी धरून ते डोकं वळवलं. माझ्या बाजूला वळवलं.

मी मान खाली घातली. बघितलं असतं तर काय दिसलं असतं, याचा विचार मी आजही करत नाही. माझ्या हातांकडे बघत राहिले. पाऊस कापडावर वाजत होता.

"झालं," लॉईड म्हणाला. "पुढच्या महिन्यात या."

आणि माझा नवरा वळला, दिवसभराचं काम संपवून यावं तसा घरात आला, सपाता दारात काढल्या आणि म्हणाला, "चांगलं गिऱ्हाईक आहे. बडबड नाही."

मी त्याला घट्ट धरलं. बाहेर बघायचा धीर झाला तेव्हा लादीवर दोन कोरडी पावलं होती, चवडे घराकडे. बघता बघता त्यांच्यावर थेंब पडायला लागले.

हिवाळाभर मी त्या पावलांचे आभार मानले. रोज. आमच्या चर्चमध्ये मानतात तसे नव्हेत; शेजाऱ्याने दारातला बर्फ न सांगता काढून टाकावा आणि आपण खिडकीतून हात करावा, तसे. भीती गेली नव्हती. पण लॉईड घरात होता, माझ्या शेजारी घोरत होता, आणि त्या घोरण्याच्या आवाजाइतकं सुख मला कशातच नव्हतं.

७

मग एका सकाळी मला उशीर झाला. उशीर झाला की माझं डोकं फिरतं. पाऊस पडत होता आणि पावसात मुलांना कोपऱ्यावर उभं ठेवलं की त्यांच्या आया शाळेत फोन करतात. रेनकोट चढवला, किल्ल्या घेतल्या आणि मागच्या दाराने निघाले. पुलावरून गेलं की बसचा तळ जवळ पडतो.

मुलं लाद्यांवरच उभी होती. म्हणजे त्यांची पावलं होती. लहान लहान कोरडे जोड, एकामागे एक, रांगेत. धाकटी पुढे, थोरली मागे, मी लावायची तशीच. शिस्तीची रांग बघून मला बरं वाटलं. मी ओळीने मोजत चालले. मोजता मोजता लाद्या संपल्या, गवत लागलं, तरी मी चाललेच होते, कारण रांग संपली म्हणजे पुढे बस असणार.

"चला, चढा," मी म्हणाले.

कुणी हललं नाही. मी मागे वळून बघितलं तर सगळ्यांचे चवडे घराकडे होते. रांग बसच्या तळाकडे नव्हतीच चाललेली. ती घराकडे जात होती आणि मी तिच्या पार मागे, एकटी, उलट्या तोंडाने उभी होते. तेवढ्यात रेनकोटच्या बाहीला काहीतरी लागलं. कोपराच्या खाली, लहान मुलाचा हात पोचतो तिथे. बाही मुठीत धरल्यासारखी चुरगळली आणि मला हलकेच ओढलं.

मी दोन पावलं घराकडे टाकली, आणि मग कुठे पाण्याचा आवाज कानात शिरला. तो मघापासून येत असणार. मी जिथे उभी होते तिथून ओढा हातभर अंतरावर होता, काठोकाठ भरलेला. पूल नव्हता. बसही नव्हती; बस सोडून मला नऊ वर्षं झाली होती. रेनकोटखाली मी रात्रीचा गाऊन घातलेला होता आणि माझ्या पायांत लॉईडचे बूट होते.

घरात आले. लॉईड स्वयंपाकघरात बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं, काही विचारलं नाही, खुर्ची सरकवली, टॉवेल आणला आणि माझे केस पुसायला लागला. हळूहळू, मुळांपासून टोकांपर्यंत. त्याने मला ओळखलं होतं की मी एक भिजलेलं गिऱ्हाईक होते, मला सांगता येणार नाही. त्याचे हात मात्र सगळं ओळखून होते.

तो केस पुसत असतानाच मी फोन उचलला. इतके दिवस जे वाक्य गिळत आले ते कॉलीनला सांगायचं होतं: ये. मला एकटीला झेपत नाही. आता आमच्यापैकी कोण कुणाला सांभाळतंय तेच मला कळत नाही. मी नंबर लावला.

फोन वरच्या मजल्यावर वाजला.

जिन्यावर पावलं वाजली. कॉलीन खाली आली, झोपेतून उठलेली, केस विस्कटलेले, हातात वाजणारा फोन. माझ्या पायांतल्या बुटांकडे तिने बघितलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई, पुन्हा बाहेर गेली होतीस?"

"तू कधी आलीस?"

ती माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि बुटांचे बंद सोडायला लागली. "ईस्टरनंतर, एप्रिलात. तूच फोन केलास. अशीच भिजली होतीस आणि म्हणालीस, ये, मला झेपत नाही. मी सगळं सामान घेऊन आले. बाबांना कुठे न्यायचं नाही, तुलाही नाही, असं ठरलंय आपलं. आता जून चाललाय, आई."

मी खिडकीतून बघितलं. तिची लाल गाडी आमच्या गाडीशेजारी उभी होती आणि तिच्या चाकांच्या कडेने गवत वाढलं होतं. म्हणजे ही पहिली वेळ नव्हती. आणि चष्मा फ्रीजमध्ये ठेवणारा लॉईड नव्हता. मला हुडहुडी भरली. ओल्या कपड्यांची नव्हे. आणि त्या हुडहुडीतच मनात आलं की तरीही मी इथे आहे. लॉईड इथे आहे, माझी मुलगी माझे बूट काढते आहे, आणि आम्ही तिघं एका छताखाली कोरडे बसलो आहोत.

मी उठून जाळीच्या दाराशी गेले. पाऊस ओसरला होता. लाद्या सगळीकडे सारख्या ओल्या होत्या, गर्द निळ्या.

"किती वेळा वळवलंत मला, ते मला आठवत नाही," मी मोठ्याने म्हणाले. "दर वेळी आभार मानायचे राहून गेले असतील. म्हणून आज सगळ्यांचे एकदम मानते."

कॉलीनने मागून येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"नाही राहिले, आई," ती म्हणाली. "रोज मानतेस."